टूर जिंकणारा घरच्या शर्यतीत का हरतो? कोलंबियाचं राष्ट्रीय सायकल अजिंक्यपद समजून घेऊ या

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी आंतरराष्ट्रीय दर्जाची रोड सायकल शर्यत पहिल्यांदाच समोरून जाताना पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा ती सुसाट निघून गेली, असंच म्हणायला हवं. खांद्याला खांदा लावून सायकलींचा एक लोंढा आला, वळणावर कलला आणि दिसेनासा झाला. मागे उरले ते प्रश्न. बक्षीस एकाला मिळणार असेल तर बाकीचे कशासाठी पळतात? संघ कशाला लागतो? आणि ज्याच्या पायांत सर्वात जास्त ताकद, तोच जिंकत नाही का?

या प्रश्नांची उत्तरं ज्या एका दिवसात उघड दिसतात, तो दिवस कोलंबियात अलीकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो. देशाचा राष्ट्रीय रोड सायकलिंग विजेता त्या दिवशी ठरतो. जगातली सर्वात मोठी शर्यत, टूर द फ्रान्स, जिंकलेल्या खेळाडूसारखे तारे तिथे उतरतात आणि बऱ्याचदा अशा माणसाकडून हरतात, ज्याचं नाव युरोपात फारसं कुणी ऐकलेलं नसतं. कोलंबियाचे लोक या शर्यतीची वाट का पाहतात, हे याच कोड्यातून कळतं.

### आधी स्पर्धा नेमकी काय असते

कोलंबियाचा सायकलिंग महासंघ ही स्पर्धा भरवतो. ती काही दिवस चालते. पुरुष, महिला आणि २३ वर्षांखालचे खेळाडू असे वेगवेगळे गट असतात, आणि प्रकार मुख्यतः दोन.

पहिला प्रकार टाइम ट्रायल. यात एकेक खेळाडू ठरावीक अंतराने सुटतो आणि एकटाच पळतो. कुणाच्या मागे दडायचं नाही. ज्याचा वेळ सर्वात कमी, तो जिंकला. हा प्रकार समजायला सोपा आहे आणि बहुतेक वेळा निकालही अपेक्षेप्रमाणे लागतो.

दुसरा प्रकार रोड रेस. सगळे एकत्र सुटतात आणि जो आधी रेषा ओलांडेल तो राष्ट्रीय विजेता. पुरुषांची शर्यत दोनशे किलोमीटरच्या आसपास असते आणि बहुधा एकाच वळशाला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या असतात. लोक मुख्यतः जिच्यासाठी थांबलेले असतात ती हीच, आणि कोडंही हिच्यातच आहे.

### सगळा खेळ वाऱ्याचा

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वर वेग गेला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. सायकलचं वजन, टायरचं घर्षण या गोष्टी तिच्यापुढे किरकोळ. पुढच्या माणसाच्या चाकाला चिकटून चाललं तर ती हवा त्याने आधीच फोडलेली असते. मागच्याची साधारण एक तृतीयांश ताकद वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून सगळे घोळक्यात राहतात. या मुख्य घोळक्याला सायकलिंगमध्ये पेलोटॉन म्हणतात.

याचा परिणाम असा की दोनशे किलोमीटरच्या शर्यतीत जो वारा कमी खातो, तो शेवटच्या फेरीत ताजा असतो. एकट्या माणसाला वाऱ्यातून सुटका नाही. संघ असला की सहकारी आलटून पालटून पुढे राहतात, मागे गाडीकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, निसटलेल्या प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करतात, आणि त्यांचा मुख्य खेळाडू शेवटपर्यंत झाकलेला राहतो. दमलेले सहकारी मग मागे पडतात. त्यांचं काम झालेलं असतं, निकालपत्रात ते कितवे आले याला त्यांच्या दृष्टीने काही महत्त्व नसतं.

चढावर मात्र गणित बदलतं. वेग ताशी वीसच्या आसपास आला की वाऱ्याचा अडसर कमी होतो आणि गुरुत्वाकर्षण भारी पडतं. तिथे दुसऱ्याच्या मागे दडून फारसा फायदा नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात जो पुढे येतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, ते उगाच नाही. ज्याचे पाय खरोखर भारी, तो घाटातच दिसतो. कोलंबियातल्या शर्यतीआधी जाणकार मंडळी सर्वात आधी नकाशा पाहतात तो यासाठीच. वळशात चढ किती, तो शेवटापासून किती लांब आणि चढानंतर सपाट रस्ता किती, यावर एकट्या खेळाडूचं नशीब ठरतं.

### तारा एकटा, समोर अख्खा संघ

जागतिक अजिंक्यपदात खेळाडू देशाच्या संघाकडून उतरतात. राष्ट्रीय अजिंक्यपदात सगळे एकाच देशाचे, म्हणून प्रत्येक जण आपापल्या व्यावसायिक संघाच्या जर्सीत पळतो. इथेच तिढा सुरू होतो.

टूर जिंकलेल्या एगान बेर्नालचं उदाहरण घ्या. तो ब्रिटनच्या इनिओस संघाचा. त्या संघात ब्रिटिश आहेत, डच आहेत, आणखी कुठकुठले आहेत. फ्रान्सच्या डोंगरांत ते सगळे त्याच्यासाठी वारा फोडतात. पण कोलंबियाच्या राष्ट्रीय शर्यतीत फक्त कोलंबियाचे नागरिक उतरू शकतात. २०२५ मध्ये त्याच्या संघात कोलंबियाचा आणखी एक खेळाडू होता, ब्रँडन रिवेरा. म्हणजे आठ जणांच्या संघात पळायची सवय असलेला माणूस इथे जास्तीत जास्त दोघांत पळणार.

त्याच्यासमोर कोण? कोलंबियातले देशांतर्गत संघ. त्यांचे जवळपास सगळे खेळाडू कोलंबियाचेच. ते पूर्ण ताकदीने येतात, वर्षभर एकत्र पळतात आणि एकमेकांच्या पायांचा अंदाज त्यांना पाठ असतो.

कबड्डीत एकटा चढाईपटू सात जणांच्या अंगणात जातो तेव्हा काय होतं ते आठवा. तो देशातला सर्वोत्तम चढाईपटू असेल, पण सातांनी साखळी धरली आणि घाई केली नाही तर त्याला परतणं मुश्कील. सायकलमध्ये ही साखळी अशी धरतात: स्थानिक संघातला एक जण निसटतो. तारा पाठलाग करतो, कारण दुसरं कोण करणार? त्याला पकडतो न पकडतो तोच त्याच संघाचा दुसरा निसटतो. मग तिसरा. चौथ्या वेळी ताऱ्याच्या पायांत जीव नसतो, किंवा तो वैतागून म्हणतो की आता दुसऱ्या कुणीतरी पाठलाग करावा. बाकीचेही तसंच म्हणतात, सगळे एकमेकांकडे बघत राहतात, आणि निसटलेला माणूस तीन मिनिटं पुढे जातो.

### निकाल काय सांगतात

जुलै २०१९ मध्ये बेर्नाल टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला लॅटिन अमेरिकन झाला. वय वर्षं २२. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, बोयाका प्रांतात राष्ट्रीय शर्यत झाली. बेर्नाल दुसरा आला. पहिला सेर्हियो इगीता आणि तिसरा दानिएल मार्तिनेस, आणि हे दोघे एकाच संघाचे, अमेरिकेच्या ईएफचे. टूरचा विजेता दोन सहकाऱ्यांच्या मध्ये सापडला होता. संख्याबळ म्हणजे काय, ते दाखवणारं याहून स्वच्छ निकालपत्र मी पाहिलेलं नाही.

देशांतर्गत संघांनीही हात मारले आहेत. २०१९ मध्ये ओस्कार किरोस, २०२१ मध्ये आरिस्तोबुलो काला, २०२४ मध्ये आलेहांद्रो ओसोरियो. यातल्या ओसोरियोची गोष्ट मला फार जवळची वाटते. तरुणपणी आशा वाढवून तो युरोपात गेला, काही वर्षं तिथल्या संघांत काढली आणि पुन्हा मायदेशातल्या संघात परतला. परतलेल्या खेळाडूकडे कुणी पाहत नाही. राष्ट्रीय विजेत्याकडे मात्र पाहावंच लागतं.

२०२३ चं वर्ष वेगळ्या कारणाने लक्षात राहणारं. जिंकला एस्तेबान चावेस. २०१३ मध्ये इटलीतल्या एका शर्यतीत तो असा पडला होता की त्याच्या उजव्या हाताच्या नसांना इजा झाली, हात हलेना. त्यातून सावरून तो २०१६ च्या जिरो दि इटालियात, म्हणजे इटलीच्या फेरीत, दुसरा आला आणि त्याच वर्षी लोम्बार्दियाची मानाची शर्यत त्याने जिंकली. देशाची जर्सी मिळायला मात्र २०२३ उजाडावं लागलं. त्या शर्यतीत नायरो किंताना तिसरा आला. २०१४ ची जिरो आणि २०१६ ची वुएल्ता, म्हणजे स्पेनची फेरी, जिंकलेल्या किंतानाकडे तेव्हा संघच नव्हता. ट्रामाडोल या वेदनाशामकाच्या नियमभंगामुळे २०२२ च्या टूरमधला त्याचा निकाल रद्द झाला होता आणि नवा करार मिळालेला नव्हता. संघाशिवाय रस्त्यावर उतरायला त्या वेळी त्याला हीच शर्यत होती.

आणि मग २०२५. जानेवारी २०२२ मध्ये सराव करताना बेर्नाल थांबलेल्या बसवर मागून आदळला होता. मणके, मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, बरगड्या मोडल्या, फुप्फुसांना इजा झाली. तो पुन्हा चालेल का, इथपासून चर्चा होती. तो चालला, सायकलवर बसला, शर्यती पळला, पण जिंकत नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकारामांगा इथे त्याने आधी टाइम ट्रायल जिंकली आणि काही दिवसांनी रोड रेसही. मे २०२१ मध्ये जिंकलेल्या जिरोनंतरचे हे त्याचे पहिले विजय.

### 'पण उंची तर सगळ्यांना सारखीच ना?'

हा आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच.

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. बोयाकाची राजधानी तुन्हा २,८०० मीटरच्या आसपास वसली आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटरहून अधिक वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाहून जास्त कमी असतो. प्रत्येक श्वासात तेवढाच ऑक्सिजन कमी. त्याच वेळी हवा विरळ असल्याने तिचा अडसरही कमी होतो, त्यामुळे सपाटीवर सायकल जास्त वेगाने जाते. १९७० मध्ये कोलंबियाचा मार्तिन एमिलियो रोद्रिगेस, ज्याला सगळे 'कोचिसे' म्हणतात, त्याने एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा हौशी खेळाडूंचा जागतिक विक्रम केला तो मेक्सिको सिटीत. ते शहरही सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे.

उंचीवर राहिलं की शरीर हळूहळू तांबड्या पेशी वाढवतं आणि जुळवून घेतं. युरोपात राहणारे कोलंबियाचे खेळाडू हंगाम संपल्यावर घरी येतात आणि हिवाळ्यातले महिने डोंगरातच सराव करतात, त्यामुळे ते काही परके राहत नाहीत. फरक पडतो तो ठिकाणानुसार. २०२५ ची शर्यत जिथे झाली ते बुकारामांगा अवघं ९६० मीटरवर आणि उष्ण आहे. तुन्हाच्या थंड, विरळ हवेत जो माणूस मोकळा श्वास घेतो, तो तिथे घामाघूम होऊ शकतो. यजमान शहर जाहीर झाल्याबरोबर कोलंबियात चर्चा सुरू होते ती यामुळे.

उंचीपेक्षा मोठा फरक वेळेचा आहे. युरोपात पळणाऱ्याला मे ते सप्टेंबरमध्ये शिखरावर असायचं असतं, फेब्रुवारीत त्याची तयारी अर्ध्यावर असते. स्थानिक खेळाडूसाठी हा दिवस वर्षातल्या सर्वात मोठ्या दिवसांपैकी एक, तो त्यासाठीच धार लावून येतो.

### देशाला सायकलीचं एवढं वेड कुठून?

कोलंबियात अँडीज पर्वताच्या तीन रांगा देशाला उभ्या चिरत जातात. एका शहरातून दुसऱ्यात जायचं तर घाट ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. मारिकिताहून आल्तो दे लेत्रासची खिंड चढायला सुरुवात केली की जवळपास ८० किलोमीटर चढच चढ, आणि उंचीतला फरक तीन हजार मीटरहून अधिक. आपला बोरघाट पाचशे-सहाशे मीटर वर नेतो, एवढं ध्यानात घेतलं तरी पुरे.

१९५१ मध्ये पहिली वुएल्ता अ कोलंबिया, म्हणजे देशाची फेरी, निघाली तेव्हा अशा रस्त्यांवरून सायकली जाऊ शकतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता. सिपाकिरा गावच्या एफ्राइन फोरेरोने आधी तो रस्ता पळून दाखवला. त्याच्या सोबत दिलेला ट्रक वाटेत मागे पडला आणि फोरेरो सायकलवर पुढे मानिसालेसला पोहोचला, ही गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मग ती पहिली फेरीही त्यानेच जिंकली. बेर्नाल वाढला तेही सिपाकिराच.

शर्यती रेडिओवरून घरोघरी पोहोचल्या. धावती समालोचनं ऐकत गावंच्या गावं आपापल्या प्रांताच्या खेळाडूमागे उभी राहिली: बोयाका, आंतियोकिया, कुंदिनामार्का. १९८४ मध्ये लुचो एरेराने टूरमधल्या आल्प द्युएझच्या प्रसिद्ध घाटावर टप्पा जिंकला आणि १९८७ मध्ये स्पेनची वुएल्ता. फुसागासुगाच्या या माळीकाम करणाऱ्या पोराने मोठमोठ्या युरोपीय खेळाडूंना मागे टाकलं, हे कोलंबिया अजून विसरलेला नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांना नक्की आवडेल. कोलंबियाचे सायकलस्वार वर्षानुवर्षं ज्यावर पळत आले ते पेय म्हणजे गुळाचं पाणी. उसाच्या गुळाला तिथे पानेला म्हणतात, आणि भारताखालोखाल गूळ करणारा मोठा देश कोलंबियाच. जर्सीच्या मागच्या खिशात बरेच जण पेरूची वडी ठेवतात, झाडाच्या पानात बांधलेली. महागड्या एनर्जी जेलच्या जमान्यातही ती टिकून आहे.

### एका जर्सीसाठी एवढं?

बक्षिसाची रक्कम हा इथे मुद्दाच नाही. रोड रेस जिंकणाऱ्याला पुढचं वर्षभर, जगात कुठेही रोड रेस पळताना, पिवळ्या-निळ्या-लाल राष्ट्रीय रंगांची जर्सी घालता येते. संघाची नेहमीची जर्सी बाजूला पडते, पुरस्कर्त्यांची नावं तेवढी राष्ट्रीय जर्सीवर येतात. टाइम ट्रायलच्या विजेत्याला हा मान फक्त टाइम ट्रायलमध्ये. जागतिक विजेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी किंवा एखाद्या शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची जर्सी यांना मात्र राष्ट्रीय जर्सीपेक्षा वरचा मान आहे. वर्ष संपलं तरी माजी विजेत्याला कॉलरवर आणि बाहीच्या कडेवर राष्ट्रीय रंगांची किनार लावता येते.

घोळक्यात पावणेदोनशे माणसं असतात, सगळ्यांची हेल्मेटं आणि चष्मे सारखेच. त्यात ती जर्सी हेलिकॉप्टरमधूनही ओळखू येते. २०१७ मध्ये सेर्हियो एनाओने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि महिन्याभरात पॅरिस-नीस शर्यत अवघ्या दोन सेकंदांनी जिंकली, आल्बेर्तो कोंतादोरला मागे टाकून. २०२२ मध्ये इगीता दुसऱ्यांदा राष्ट्रीय विजेता झाला आणि मार्चमध्ये स्पेनमधली कातालुन्याची फेरी त्याने जिंकली, इक्वेडोरच्या रिचर्ड कारापासबरोबर लांबवरून निसटून. बेर्नालने सप्टेंबर २०२५ मध्ये स्पेनच्या वुएल्ताचा टप्पा जिंकला तेव्हा त्याच्या अंगावर हीच जर्सी होती. निदर्शनांमुळे त्या दिवशी शेवटची रेषा काही किलोमीटर अलीकडे आणावी लागली. फोटोंमध्ये तिन्ही रंग स्वच्छ दिसतात.

### 'मग हा निकाल खरा म्हणायचा का?'

तारा एकटा आणि समोर अख्खा संघ, हा अन्याय नाही का, असं वाटू शकतं. माझं मत उलट आहे. उरलेल्या वर्षात श्रीमंत युरोपीय संघ छोट्या संघांना याच संख्याबळावर चिरडतात. आठ महिने ज्याचा फायदा घेतला, ते एक दिवस अंगावर आलं तर तक्रार कसली? शिवाय ज्याला संघ नाही त्याला डोकं वापरावं लागतं. कुणाच्या मागे जायचं, कुणाला सोडून द्यायचं, दुसऱ्या एकट्या ताऱ्याशी काही फेऱ्यांपुरता समझोता करायचा का, हे सगळं त्याचं त्याने ठरवायचं. कोण जास्त ताकदवान हे टाइम ट्रायल सांगतेच. रोड रेस वेगळी परीक्षा घेते, आणि बेर्नालने २०२५ मध्ये दोन्ही जिंकल्या म्हणूनच त्याचं एवढं मोल.

### या वेळी पाहताना

कोलंबियाच्या चाहत्यांना आपले तारे घरच्या रस्त्यांवर पाहण्याच्या संधी कमी होत चालल्या आहेत. टूर कोलंबिया ही आंतरराष्ट्रीय शर्यत २०१८ ते २०२० मध्ये झाली, मग तीन वर्षं खंड पडला, २०२४ मध्ये ती परत आली, आणि २०२५ मध्ये पैशाअभावी रद्द झाली. म्हणून राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रस्त्याकडेला लोक पहाटेपासून जागा धरतात. देशातल्या छोट्या संघांसाठीही तीच मोठी जाहिरात. एखाद्या सायकल कारखान्याच्या नावाचा संघ जिंकला तर वर्षभर त्याचं नाव राष्ट्रीय रंगांवर मिरवतं, आणि पुढच्या हंगामाचा पैसा उभा राहायला मदत होते.

तुम्ही ही शर्यत पाहणार असाल तर आधी सहभागींची यादी काढा आणि प्रत्येक मोठ्या नावाच्या संघाचे आणखी किती जण यादीत आहेत ते मोजा. मग वळशाचा नकाशा घ्या आणि शेवटचा चढ अंतिम रेषेपासून किती लांब आहे ते पाहा. चढानंतर पाच-सहा किलोमीटर सपाटी असेल तर संख्येवाला संघ तारा परत पकडू शकतो, चढ संपता संपता रेषा आली तर नाही. शर्यत सुरू झाल्यावर पहिले तीन तास घोळक्याच्या तोंडाशी कुठल्या रंगाची जर्सी आहे, म्हणजे वारा कोण खातंय, तेवढं लक्षात ठेवा. त्या रंगाचा एक माणूस मागे शांत बसलेला असतो, तो शोधा.